पिरॅमिड एलियननी बांधले का?

प्रश्न : यूट्यूबवर सांगतात एवढे अवजड दगड माणसांना हलवणं शक्यच नव्हतं, पिरॅमिड एलियननी बांधले. खरंय का हो?

उत्तर : अहो, २०१३ साली तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला पपायरस, म्हणजे इजिप्तमधले जुने कागदी लेख, सापडले, त्यात मेरेर नावाच्या मुकादमाने रोजच्या नोंदी ठेवल्यात, तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरले, गिझाला पोचवले, परत खाणीवर, आणि हे सगळं खुफूच्याच, म्हणजे गिझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड बांधवून घेणाऱ्या राजाच्या, काळातलं बरं का! जमिनीवर दगड लाकडी घसरगाडीवर ओढायचे. आणि दहशूरचा वाकडा पिरॅमिड बघा, खालून साधारण ५४ अंशांचा चढ धरला, मध्येच ४३ वर आणला. परग्रहावरून इथवर आले आणि उताराचं गणित चुकलं, असं म्हणायचं का मग?