बाजू लावून धर

प्रिय मुला,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र रात्री वाचलं आणि नंतर झोप लागली नाही. थोडी तुझ्या काळजीने, थोडी रागाने.

तू लिहितोस की नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरच्या त्या सामन्यात समोरचा मुलगा शतकाकडे चालला होता आणि सरांनी तुला फक्त उभं राहायला सांगितलं होतं. तू राहिलास. अख्खं सत्र उन्हात काढून ९ धावा केल्यास, मग चिडून आडवी बॅट फिरवलीस आणि त्रिफळा गेला. टाळ्या त्याला, निवड त्याची, आणि तुझ्या संथ खेळावर पोरं हसली. मंडळीतही तेच, असं तुझं म्हणणं. साक्ष द्यायला, गिटार वाजवायला, तरुण संघाच्या शिबिरात बोलायला दुसरे. सतरंज्या उचलायला आणि माइकच्या वायरी गुंडाळायला तू. "काका, देवाने मला कायमचं दुसऱ्या टोकाला उभं केलंय का?" हा तुझा प्रश्न. आणि त्याच्या खालची ती ओळ, की आता दोन्ही सोडतो.

देवावर भरवसा ठेव, प्रार्थना कर, असलं काही मी लिहिणार नाही. ते तुझ्या आजीने तुझ्यात केव्हाच पेरून ठेवलंय. मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि तू कंटाळेपर्यंत सांगणार आहे. बाजू लावून धर.

विजय हजारे तुला नावाने माहीत आहेत. सांगलीचे, आपल्यासारख्याच मराठी ख्रिस्ती घरातले. १९४३-४४ च्या मोसमात मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. तेव्हा संघ धर्मावरून पाडत: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि उरलेल्या सगळ्यांचा एक, 'रेस्ट'. (ही पद्धत वाईटच होती आणि पुढे ती स्पर्धा बंद पडली हे फार चांगलं झालं.) हजारे अर्थातच रेस्टमध्ये. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला आणि फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या विजय हजारेंच्या.

एवढं सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कुणी सांगत नाही. त्या डावात सहाव्या विकेटसाठी ३०० धावांची भागी झाली. दुसऱ्या बाजूला विजयचा भाऊ होता, विवेक हजारे. त्या ३०० मध्ये विवेकच्या धावा २१.

एकवीस! तुझ्या नऊपेक्षा थोड्याच जास्त. पण ते एकवीस काढून घे आणि बघ ३०९ उरतात का. विवेक चिडून आडवी बॅट फिरवून गेला असता, तर विजय हजारे कितीवर अडकले असते सांग. समोरून टाळ्या ऐकत, आपल्या वाट्याला आलेला प्रत्येक चेंडू नुसता अडवत तो माणूस उभा राहिला. बाजू लावून धरली.

आता तू म्हणशील, म्हणजे शेवटी फळ मिळालंच की. अजिबात नाही. रेस्ट तो सामना एक डाव आणि ६१ धावांनी हरले. विजय हजारे पुढे देशाचे कर्णधार झाले, १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. विवेक एकही कसोटी खेळला नाही. म्हणून हे मी तुला आमिष म्हणून दाखवत नाहीये. "बाजू धरशील तर पुढच्या वर्षी तुझी निवड होईल" असं सांगणारा कुणी प्रार्थनेच्या नावाखाली तुला भेटला, तर त्याचं ऐकू नकोस. आपल्यातही असे आहेत आणि त्यांचा मला संताप येतो. ट्रायलच्या आदल्या दिवशी देवाला धावा मागायच्या, आणि नाही मिळाल्या की रविवारी देवळात यायचं नाही. हा सौदा झाला, आणि येशूच्या मागे जाणाऱ्याला सौदा करता येत नाही.

बाजू सोडली की काय होतं, तेही ऐक. १८८२ चा ऑगस्ट, लंडनचं ओव्हल. इंग्लंडला जिंकायला हव्या होत्या फक्त ८५ धावा. ऑस्ट्रेलियाच्या स्पॉफर्थने गोलंदाजीने दाणादाण उडवली. शेवटची जोडी मैदानात होती तेव्हा एका बाजूला होता सी. टी. स्टड. त्याच मोसमात ऑस्ट्रेलियनांविरुद्ध दोन शतकं ठोकलेला पोरगा, पण कर्णधाराने त्याला मागे ठेवत ठेवत दहाव्या क्रमांकावर पाठवलं होतं. दुसऱ्या बाजूला पीट. पीटने त्या सामन्यात ८ बळी घेतले होते, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण त्या क्षणी त्याचं काम एकच होतं: चेंडू अडवायचा आणि स्टडला स्ट्राइक, म्हणजे चेंडू खेळायची पाळी, द्यायची. पीटने बॅट फिरवली. त्रिफळा. इंग्लंड ७७ सर्वबाद, ७ धावांनी पराभव, आणि तिथून ॲशेसची, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेची, गोष्ट सुरू झाली.

स्टड नाबाद ०. एकही चेंडू खेळायला मिळाला नाही.

तू माझ्याकडे रडतोस की समोरच्याला सगळी स्ट्राइक मिळाली. या माणसाला त्या डावात एक चेंडूसुद्धा मिळाला नाही, आणि सगळ्या जगाने हरणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव वाचलं. १८८५ मध्ये हाच स्टड क्रिकेट सोडून सुवार्ता घेऊन चीनला गेला, वडिलोपार्जित संपत्ती वाटून टाकली. नंतर काही वर्षं आपल्याकडे उटीला होता, मग काँगोला गेला आणि १९३१ मध्ये तिथेच वारला. त्या ओव्हलच्या शून्यामुळेच तो असा झाला, असं मी म्हणणार नाही, तेवढं मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या टोकाला उभं राहून हातातून सगळं जाताना बघणं काय असतं, हे त्याला कळलेलं होतं, एवढं नक्की.

आणि दुसऱ्या टोकाला उभं राहणं म्हणजे नुसतं उभं राहणं, हे तुझ्या डोक्यात कुणी भरलं? तिथे तर जास्त जागं राहावं लागतं. १९४७ मध्ये सिडनीला आपले गोलंदाज विनू मंकडांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला धावबाद केलं ते नॉनस्ट्रायकरच्या, म्हणजे चेंडू न खेळणाऱ्या जोडीदाराच्या, टोकाला. चेंडू सुटायच्या आधीच ब्राऊन क्रीझ सोडून पुढे निघाला होता. आजही लोक मंकडांना नावं ठेवतात. मी ठेवत नाही. क्रीझ कुणी सोडली होती?

गेथशेमाने आठव, प्रभूला धरून नेलं त्या रात्रीची ती बाग. प्रभूने पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर नेलं. त्यांच्याकडे काय मागितलं? वधस्तंभ उचला म्हणाला नाही, रक्ताचा घाम गाळा म्हणाला नाही. ती खेळी त्याची एकट्याची होती. त्यांनी फक्त जागं राहायचं होतं. "जागृत राहा व प्रार्थना करा." तेवढी एक बाजू लावून धरा, एवढंच. ती तिघं झोपली. मला शास्त्रातला तो भाग वाचताना दर वेळी जीव कासावीस होतो, कारण तू आणि मी बहुतेक वेळा तिथेच असतो. स्ट्राइक आपल्याकडे नसते, म्हणून आपण डोळे मिटून घेतो.

आणखी एक. चेंडू यष्ट्यांच्या मागे गेला की धावेचा कॉल कुणाचा? नॉनस्ट्रायकरचा. फलंदाजाला पाठीमागचं दिसत नाही. तुमच्या शिबिरात माइक हातात घेऊन बोलणाऱ्या त्या मुलालाही दिसत नाही. शेवटच्या रांगेत कोण एकटं बसलंय, कोण जेवायच्या आधीच उठून गेलं, कुणाच्या घरी महिनाभर कुणी फिरकलं नाही, हे वायरी गुंडाळणाऱ्याला दिसतं. मग कॉल दे! मोठ्याने दे. पाळकसाहेबांकडे जा आणि सांग. स्वतःबद्दलही सांग, की मलाही एकदा वचनावर बोलायचंय. बाजू लावून धरणं म्हणजे तोंडाला कुलूप लावणं, असं मी कधीच म्हटलेलं नाही. कॉल न देणारा जोडीदार समोरच्याला धावबाद करतो.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पत्रात ते दिसतंय: काका, तुम्ही बाजू धरून काय मिळवलंत?

तर ऐक. माझ्या तरुणपणी पुण्यातल्या एका मोठ्या कार्यालयाच्या संघात मला घेत होते. नोकरी आणि क्रिकेट, दोन्ही. तिथून पुढे काय झालं असतं, ते प्रभू जाणे. त्याच वर्षी आईला अर्धांगवायू झाला. भाऊ ईश्वरविज्ञान शिकायला गेलेला, त्याचं शेवटचं वर्ष अजून बाकी. घरी कुणीतरी राहायला हवं होतं, मी राहिलो. नाशिकरोडला प्रेसमध्ये लागलो, पाळ्या केल्या, जमेल तेव्हा इथल्या लीगमध्ये खेळलो. भाऊ आज असा उपदेश करतो की लोक गावोगावहून ऐकायला येतात. आणि मंडळीतल्याच एकाने माझ्यामागे म्हटलं होतं, की पुण्यात टिकायची याची छातीच नव्हती. ते वाक्य इतक्या वर्षांनी अजून टोचतं. छाती नव्हती? आईला रोज उचलून खुर्चीत बसवायला, भरवायला, रात्रपाळी करून आल्यावर तिची अंथरुणं धुवायला काय लागतं ते त्या माणसाने एक आठवडा करून बघायला हवं होतं.

खोटं सांगणार नाही. गोल्फ क्लबवर रणजीचा सामना असला की मी जाऊन बसतो, आणि पहिल्या सत्रात पांढऱ्या कपड्यातली ती पोरं मैदानात उतरली की आत जळतं. अजून जळतं. देवाला मी ते सांगतो, भांडून सांगतो. त्याने मला कधी गप्प बस म्हटलेलं नाही. पण भाऊ व्यासपीठावर उभा राहिला की मला ठाऊक असतं: त्याच्या प्रत्येक उपदेशात माझे एकवीस आहेत. हे मी गर्वाने म्हणतोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

पहिल्या शमुवेलच्या तिसाव्या अध्यायात हे आहेच की. अमालेक्यांच्या पाठलागात दावीदाची २०० माणसं बसोर ओहोळापाशी थकून थांबली, सामान राखत बसली. ४०० पुढे गेली आणि जिंकून परत आली. त्यातले काही म्हणाले, हे आमच्याबरोबर आले नाहीत, यांना लुटीतलं काही द्यायचं नाही. दावीदाने काय ठरवलं? लढाईवर गेलेल्याचा आणि सामानापाशी राहिलेल्याचा वाटा सारखाच. आणि इस्राएलात तो कायम नियमच करून टाकला. त्या २०० जणांची नावं शास्त्रात नाहीत. लढाईत मोशेचे हात वर धरून ठेवणाऱ्या अहरोन आणि हूर यांचं मी पुन्हा सांगत नाही, ते तू रविवार शाळेत पाठ केलंयस.

तू शरणपूरच्या रस्त्याने रोज नेट्सला जातोस. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मिशनने एके काळी त्याच शरणपूरला ठेवली होती, शिकवली होती. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांच्याबरोबर नाशिकची ही मुलंही होती. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, प्रार्थना जेकबने वाचली, झाडावर अक्षरं त्याने कोरली. आणि मग त्या सगळ्या सोबत्यांनी ते शव महिनोन्‌महिने चालत, आजारपणं काढत समुद्रापर्यंत आणलं. सोडून देऊन निघून गेले असते तर त्यांना जाब विचारायला तिथे कोण होतं? १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. थडगं लिव्हिंग्स्टनचं आहे आणि जग तेच बघायला जातं. आपल्या गावातून गेलेल्या पोराने बाजू लावून धरली, हे नाशिकच्या किती लोकांना माहीत आहे? तुला तरी माहीत होतं का?

असो, रागावलो असेन तर माझ्यावर रुसू नकोस. तुझ्याबद्दल जीव तुटतो म्हणून एवढं लिहिलं. निवड झाली नाही याचं दुःख कर, चार दिवस कर, पोटभर कर. निवड झालेल्या त्या मुलाला मात्र आजच फोन लाव आणि अभिनंदन म्हण. उद्यावर टाकलंस की जमणार नाही. क्रिकेट पुढे ठेवायचं की नाही हा वेगळा प्रश्न आहे. अभ्यास, घरची परिस्थिती, सगळं बघून आपण बसून ठरवू. पण चिडून सोडायचं नाही. ठरवून सोडलंस तर मी तुझ्या बाजूने उभा राहीन, चिडून सोडलंस तर नाही.

आणि सोमवारी सकाळी सहाला पॅड बांधून मैदानावर ये, मी येतोय. त्या सामन्याचं शूटिंग तुझ्या मित्राने मला पाठवलं, ते बघितलं. दुसरी धाव घेताना तू चेंडूकडे पाठ करून वळतोस, आणि बॅट क्रीझच्या अलीकडे हवेतच असते. वळताना बॅटचा हात बदलायचा, तोंड चेंडूकडे ठेवायचं, बॅट जमिनीवरून सरकवत न्यायची. त्यावर आधी काम करू, बॅटिंग नंतर.

तुझा,
काका