बग्गीची सुरुवात वेल्डिंगने नको

मित्रा, खडबडीत जमिनीवर पळवायची पाइपच्या सांगाड्याची उघडी गाडी, म्हणजे बग्गी, घरी बनवायची तर पाइप कापायची घाई करू नकोस. आधी भंगारातली मारुती ८०० अख्खी आण. तिचं ७९६ सीसीचं इंजिन, गिअरबॉक्स, चाकं फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट असा पुढचा सगळा संच उचलून मागे बसवता येतो. चाकं वळवणाऱ्या दांड्यांची, म्हणजे टाय रॉडची, टोकं मात्र चासीला (गाडीच्या सांगाड्याला) पक्की जखड, नाहीतर मागची चाकं आपोआप वळायला लागतील. मग हेल्मेट घालून सीटवर बस, स्टिअरिंग आणि पेडल कुठे येतात ते बघ, आणि त्या मापाभोवती पाइपचा पिंजरा आख. पाइप सीमलेसच (बिनजोडाचा) घे. नळाचा जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप नकोच. वेल्डिंगमध्ये जस्ताचा धूर नाकात जातो आणि रात्री ताप भरतो. चालवायला मोकळी खासगी जमीन आधीच शोधून ठेव. पहिल्या चाचणीलाही पट्टा लावूनच बस, हे कळकळीने सांगतोय.