नेटवर्क नसलेल्या गावात बीबीसी, एनपीआरचे रेडिओ कार्यक्रम कसे ऐकावेत?

तुमची बदली गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्यात झाली आहे, नेट फक्त आलापल्लीला आल्यावर मिळतं आणि बीबीसी आणि एनपीआर (अमेरिकेतला सार्वजनिक रेडिओ) ऐकण्याची सवय मोडवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी मालवाहू जहाजावर इंजिनियर आहे. ब्राझीलमधल्या सांतोसहून सोयाबीन भरून चीनला निघालो, की केप ऑफ गुड होपला वळसा घालून 35-40 दिवस पाण्यावर. त्या दिवसांत मला याच कार्यक्रमांनी सोबत केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या खेपेला मी फसलो होतो. एका नावाजलेल्या ॲपमध्ये चाळीसेक भाग उतरवून घेतले आणि निर्धास्त झालो. महिना उलटल्यावर ॲपनं सांगितलं, पुढे ऐकायचं तर एकदा इंटरनेटला जोडा. जहाज तेव्हा हिंदी महासागरात होतं. भाग फोनमध्येच होते, पण उघडेनात. फार वाईट वाटलं.

मग कळलं, पॉडकास्ट, म्हणजे हवे तेव्हा उतरवून ऐकायचे असे कार्यक्रम, ही मुळात साधी गोष्ट आहे. एक असते आवाजाची एमपीथ्री फाइल आणि दुसरी ‘फीड’ नावाची यादी, जिच्यात प्रत्येक भागाच्या फाइलचा पत्ता असतो. ॲपनं यादी वाचायची आणि फाइल उतरवून घ्यायची, एवढंच. बीबीसी आणि एनपीआर बहुतेक कार्यक्रमांचं फीड सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. त्यातून घेतलेल्या फाइलला कुलूप नसतं, ती तुमच्याकडेच राहते.

त्यामुळे फीडवर चालणारंच ॲप घ्या. अँड्रॉइडवर मी ‘अँटेनापॉड’ वापरतो. ते फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. कार्यक्रमाचं नाव शोधा किंवा फीडचा पत्ता चिकटवा. सेटिंगमध्ये भाग साठवण्यासाठी मेमरी कार्ड निवडा, आपोआप उतरवायच्या भागांची मर्यादा वाढवा आणि ऐकलेले भाग पुसले जाण्याची सोय चालू ठेवा. आयफोन असेल तर ॲपलच्या पॉडकास्ट ॲपमध्येही फीडचा पत्ता टाकता येतो.

जागेचा हिशोब सोपा आहे. 128 केबीपीएसच्या (आवाजाच्या दर्जाचं माप) फाइलला मिनिटाला साधारण 1 एमबी लागतो. पाऊण तासाचा भाग म्हणजे 45 एमबी. 32 जीबीच्या कार्डावर 500 तासांच्या आसपास मावतात. बातम्यांवर मात्र ही जागा घालवू नका. एनपीआरची ‘अप फर्स्ट’ सकाळी ताजी असते, आठवड्यानं ऐकण्यात अर्थ नाही. न शिळे होणारे कार्यक्रम भरा.

माझा सगळ्यात आवडता आहे बीबीसी रेडिओ 4 चा ‘इन अवर टाइम’. 1998 मध्ये सुरू झाला, पाव शतकाहून जास्त काळ मेल्विन ब्रॅग यांनी चालवला आणि हजाराहून अधिक भाग झाले. एक विषय, बहुधा तीन प्राध्यापक, सूत्रधार अधूनमधून त्यांना मुद्द्यावर आणणार. सम्राट अशोक, उपनिषदं, प्रकाशसंश्लेषण, काहीही निघतं. इंजिनरूममध्ये गोंगाटापासून बचावासाठी कानावर मफ असतात, तिथे ऐकणं शक्यच नाही. पण वॉच (कामाची पाळी) संपवून केबिनमध्ये पडल्यावर हा आवाज लावला की मन शांत व्हायचं. अशोकाचा भाग मी एका खेपेत तीनदा ऐकला आहे. एनपीआरचं ‘प्लॅनेट मनी’ही घ्या. 2008 च्या आर्थिक संकटात सुरू झालेलं आहे आणि अर्थशास्त्र गोष्टीसारखं सांगतं. काही फीडमध्ये फक्त अलीकडचे भाग राहतात, जुने यादीतून निघून जातात. आवडलेले भाग दिसतील तेव्हाच घेऊन टाका.

मराठी बातम्यांसाठी आकाशवाणीच्या संकेतस्थळावर मुंबई, पुणे, नागपूरची प्रादेशिक बातमीपत्रं मिळतात. त्यांचं ॲप मुख्यतः थेट प्रसारणासाठी आहे, नेट गेलं की बंद पडतं.

निघण्याच्या आदल्या रात्री फोन विमान मोडवर टाका आणि यादीतले चार-पाच भाग खरोखर वाजतात का ते पाहा. काही भाग अर्धेच उतरलेले असतात. आलापल्लीहून निघण्याआधीही दर वेळी हे करा. तुमच्याकडे कोणता फोन आहे ते कळवलंत, तर नेमकी सेटिंग कुठे सापडतील ते लिहून देईन.