अडीच तास भिंतीला चिकटून

मुलगी पहिलीतली. आईबाबा दोघंही नोकरीला, घरी आजी. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दिवाळीच्या सुट्टीत तिला मुंबईला, मुलांच्या एका कलासंग्रहालयात नेलं होतं. भिंतीवर रंग फासा, माती थापा, दिव्यांशी खेळा, सगळ्याला हात लावायची मुभा.

नाशिकला गंगापूर रोडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आल्या आल्या बाबांनी मोबाइल पुढे केला. "बघा मॅडम, बाकीची पोरं कोपरापर्यंत रंगलीत आणि ही अडीच तास भिंतीला चिकटून! पहाटे उठवून पंचवटी एक्स्प्रेस पकडली ती यासाठी?" आई हळूच म्हणाली, "हिच्यात काही कमी आहे का हो?"

सुट्ट्या संपल्या की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. संग्रहालयाऐवजी कधी शिबिर असतं, कधी कुणाचा वाढदिवस.

आधी नेहमीची विचारपूस केली. शाळेत बोलते, दोन मैत्रिणी आहेत. आजीसोबत कणकेत हात घालून बसते. हात जरा चिकट झाला की रडारड, केस धुताना आकांत, कपड्यांच्या लेबलवरून रोजचा तमाशा असं काही असतं, तर मी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (स्पर्श, हालचाली यांच्या अडचणींवर काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे) पाठवलं असतं. घरी बडबड पण शाळेत महिनोन्महिने तोंडच उघडत नाही, हेही वेगळं प्रकरण. यातलं इथे काहीच नव्हतं.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने 1956 पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा तान्हेपणापासून वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना साधारण 15 टक्के मुलं उशिरा रुळणारी आढळली. नव्या जागी आधी मागे सरतात, बघतात, मग हळूहळू उतरतात. हा आजार नाही, स्वभाव आहे. मागून ढकललं की मात्र तीच मुलं आणखी घट्ट होतात. आणि इथे ढकलणं भरपूर झालं होतं. "जा ना, बघ ती ताई कशी करतेय" हे वाक्य त्या दिवशी किती वेळा म्हटलं, ते आईनेच बोटांवर मोजलं. सात-आठ तरी.

मग आईलाच आठवलं, की आदल्या महिन्यात अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय बघायला गेले तेव्हा काचेला बोटं लावते म्हणून हिला दोनदा दटावलं होतं. सहा वर्षांच्या मुलीच्या लेखी संग्रहालय म्हणजे काय, हे तिथेच ठरलं असणार. महिन्याभरात नियम उलटा झाला, तो तिला कुणी सांगितलाच नाही.

मी तो फोटो पुन्हा मागितला, मोठा करून पाहिला. पोरगी भिंतीला चिकटलेली नव्हतीच. भिंतीपासून हातभर लांब होती, उजवा हात थोडा उचललेला, बोटं फाकलेली. पांढऱ्या भिंतीवर तिच्या हाताच्या तीन सावल्या होत्या, तीन वेगळ्या रंगांच्या. समोरून लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे सोडलेले असणार. बाबांनी आठवून सांगितलं, "हो, होते तसे. पण तिथे करायचं काहीच नव्हतं."

बाहेर आजीजवळ बसलेल्या तिला आत बोलावलं. काय काढलंस, काय केलंस असलं काही विचारलं नाही. टेबललॅम्पसमोर माझा हात धरला आणि म्हटलं, "माझी सावली काळीच पडते बाई." बराच वेळ ती नुसती बघत राहिली. बाबा पुढे सरकून काही बोलणार होते, मी डोळ्यांनी थांबवलं. मग उत्तर आलं, "तुमच्याकडे एकच लाइट आहे. तिकडे तीन होते. माझी एक सावली पिवळी होती. पण पिवळा लाइट नव्हताच."

बाबांच्या हातातला मोबाइल खाली आला. निळा दिवा हाताने अडवला की त्या जागी लाल आणि हिरवा प्रकाश उरतो, आणि दोन्ही मिळून पिवळा दिसतो. रंगपेटीतला लाल आणि हिरवा कालवून असं कधी होत नाही. हे तिला समजलं होतं असं मी म्हणणार नाही, पण तिला ते खटकलं होतं, आणि खटकलेलं तिने पंधरा दिवस जपून ठेवलं होतं. घरात विचारलं कुणी नव्हतं.

त्यांना एवढंच सांगितलं: पुढच्या वेळी गर्दी व्हायच्या आत पोचा, तिथे काय काय असेल ते आधी सांगा, आणि तिला पाठवण्याऐवजी तुम्हीच मातीत हात घालून बसा. फोटो कमी काढा. शेवटचं बाबांना जड गेलं.

तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. मेन रोडवरून जिलेटिन कागद आणलाय, तीन बॅटऱ्यांना रबराने बांधलाय, आणि रात्री जेवणं झाली की घरातले दिवे बंद करायचा हुकूम सुटतो. बॅटऱ्या धरायचं काम आजी-बाबांकडे. पिवळी अजून नीट येत नाही, आजीचा हात हलतो अशी तक्रार आहे.