ट्रॅव्हल ट्रेलरला वेट डिस्ट्रिब्युशन हिच आणि स्वे कंट्रोल खरंच लागतं, की डीलर गळ्यात मारतोय?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सॅक्रामेंटोजवळ राहतो, त्याने २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतलाय, सात सीटांच्या एसयूव्हीमागे तो ओढणार आहे, आणि डीलर भार वाटणारा जोड (हिच) आणि ट्रेलरचं डोलणं आवरणारं स्वे कंट्रोल या दोन वस्तूंचे वर हजारभर डॉलर मागतोय. जूनमध्ये तुम्ही दोघं इंदूरहून तिकडे जाणार आणि त्याच ट्रेलरमधून फिरणार, म्हणून तुम्हाला काळजी.

लागतं. हजार डॉलर जाऊ द्या. फक्त ‘हे लावलं की ट्रेलर शेपूट हलवणार नाही’, म्हणजे डावीउजवीकडे डोलणार नाही, असं डीलर म्हणाला असेल, तर तेवढं ऐकू नका. दोन्ही वस्तू लावलेल्या ट्रेलरने शेपूट हलवलेलं मी पुढच्या गाडीत बसून अनुभवलंय.

मी मूळची रामबागेतली. काही वर्षं पिथमपूरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काढली, मग ह्यांच्या नोकरीपायी नऊ वर्षं सॅक्रामेंटोला. त्यातली पाच वर्षं आमच्याकडे ट्रेलर होता. आता पुन्हा इंदूर.

चोइथराम मंडीच्या रस्त्यावर बटाट्याने ठासून भरलेली दोन चाकी ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. चढ आला की त्याची पुढची चाकं जमिनीवरून सुटू लागतात आणि ड्रायव्हर बोनेटवर दोन माणसं बसवतो. एसयूव्हीचं तेच होतं, फक्त डोळ्यांना तितकं दिसत नाही. ट्रेलरच्या पुढच्या, गाडीला जोडायच्या दांड्याचा भार गाडीच्या मागच्या ॲक्सलवर पडत नाही, त्याच्याही मागे पडतो. समजा बॉलवर (गाडीमागच्या ज्या गोळ्यावर दांडा बसतो त्यावर) ७०० पौंड आले, बॉल मागच्या ॲक्सलपासून पाच फूट मागे आहे आणि दोन ॲक्सलमध्ये दहा फुटांचं अंतर आहे. मग पुढच्या चाकांवरून ३५० पौंड उचलले जातात आणि मागच्या चाकांवर ७०० नव्हे, १०५० पौंड येतात. गाडी मागे बसते, हेडलाइट आभाळाकडे बघतात, आणि जी चाकं वळवायची, ज्यांच्यावर ब्रेकची निम्म्याहून जास्त भिस्त, तीच हलकी होतात.

वेट डिस्ट्रिब्युशन हिच म्हणजे बोनेटवरची ती दोन माणसं. बॉलच्या डोक्यातून दोन स्प्रिंग बार निघून ट्रेलरच्या दांड्याखालून मागे जातात, आणि त्यांची मागची टोकं साखळीने किंवा ब्रॅकेटने ताणून वर धरलेली असतात. वाकवलेले बार सरळ व्हायला बघतात, त्या जोराने मागच्या ॲक्सलवरचा थोडा भार पुढच्या ॲक्सलवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. दांड्याचा भार त्याने कमी होत नाही, वाटला जातो. गाडीची ओढायची क्षमताही वाढत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्ट्याचा स्टिकर असतो, त्यावर गाडीत माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. ट्रेलरच्या दांड्याचा भार त्याच हिशेबात धरायचा. तुम्ही दोघं, मुलगा, सून आणि नातू बसल्यावर त्यात किती उरतं ते आधी बघा. पुष्कळ एसयूव्ही ट्रेलरच्या वजनात पास होतात आणि इथे नापास.

‘लागतं का’ याचं लेखी उत्तर गाडीच्या मागच्या बंपरखाली सापडतं. हिचच्या चौकोनी नळीवरच्या स्टिकरवर बहुधा आकड्यांच्या दोन जोड्या असतात: नुसत्या बॉलवर किती भार चालेल, आणि वेट डिस्ट्रिब्युशन लावल्यावर किती. तुम्ही रिकाम्या ट्रेलरचं वजन ५२०० पौंड सांगितलंय. भांडीकुंडी, गॅस, पाणी धरून ते सहा हजारांच्या पुढे जाणारच. या वजनाला बहुतेक एसयूव्हींच्या स्टिकरवर पहिली जोडी पुरत नाही. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये मात्र असा हिच लावायला सरळ मनाई असते. मुलाला मॅन्युअल उघडायला सांगा, डीलरला विचारू नका.

आता शेपटाचं. बैलगाडी भरताना आजोबा भार जुवाकडे ठेवायला लावत. मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. फार पुढे झाला तर माना सोलतात. ट्रेलरचा नियम हाच आहे, त्याला फक्त आकडे लागलेत: भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांड्यावर हवा. त्याहून कमी झाला की ट्रेलर उलाळ, आणि उलाळ ट्रेलर ठरावीक वेगाच्या पुढे आपोआप डोलायला लागतो. प्रत्येक डोल आधीच्यापेक्षा मोठा होत जातो.

आमचा प्रसंग आय-५ महामार्गावरचा, सॅक्रामेंटोहून उत्तरेला जाताना. मागच्या बंपरवर दोन सायकली टांगलेल्या. पाण्याची ४० गॅलनची टाकी काठोकाठ भरलेली, म्हणजे ३३० पौंडांहून जास्त पाणी, आणि आमच्या ट्रेलरमध्ये ती टाकी ॲक्सलच्या मागे होती. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना ५५ मैलांची मर्यादा आहे, आम्ही ६२वर होतो. उतार लागला आणि डावीकडून एक मोठा ट्रक गेला. त्याच्या पुढच्या हवेने ट्रेलरला आधी बाहेर ढकललं, मग ट्रक पुढे सरकताना आत ओढलं. आरशात ट्रेलरचा डावा कोपरा दिसला, मग उजवा, मग पुन्हा डावा. ह्यांचा पाय ब्रेककडे गेला. मी ओरडले “ब्रेक नको!” आणि हात पुढे घालून स्टिअरिंगशेजारच्या कंट्रोलरची पट्टी अंगठ्याने दाबली. त्या पट्टीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रेलर मागे खेचला गेला, दांडा ताणला गेला आणि चार-पाच झोल्यांत सगळं सरळ झालं.

मुलाला हे एवढं पाठ करून घ्यायला सांगा: ॲक्सिलरेटरवरून पाय काढ, स्टिअरिंग सरळ धर, डोलाच्या उलट फिरवत बसू नकोस, आणि हाताने ट्रेलरचे ब्रेक लाव. गाडीचा ब्रेक दाबला की मागून ट्रेलर ढकलतो आणि गाडी-ट्रेलरची जोडापाशी घडी पडते. कंट्रोलरची पट्टी कुठे आहे हे शेजारी बसणाऱ्यालाही माहीत हवं. तिकडे १५०० पौंडांपासून पुढच्या ट्रॅव्हल ट्रेलरला ब्रेक कायद्यानेच लागतात, त्यामुळे ब्रेक असतीलच. कंट्रोलर गाडीत बसवलाय की नाही ते मात्र बघा.

पुढच्या ट्रक स्टॉपवर थांबलो. आमचे बार ज्या ब्रॅकेटवर घासत बसतात, ते घासणं हेच स्वे कंट्रोल. तिथे बोट लावलं तर बोट काळं, चिकट. आदल्या रविवारी ह्यांनी गॅरेजमध्ये बसून बॉलला ग्रीस लावलं होतं, ते बरोबरच. पण डब्यात उरलेलं वाया का घालवा, म्हणून ब्रॅकेटलाही फासलं! इंदुरी काटकसर. घर्षणावर चालणाऱ्या वस्तूचं घर्षणच काढून घेतलं.

मग काट्यावर गेलो. आपल्याकडे धर्मकाटा असतो तसे तिकडे ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात आणि प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं छापून मिळतं. ट्रेलर जोडून पण बार सैल सोडून एकदा वजन करायचं, ट्रेलर सोडून नुसत्या गाडीचं एकदा. गाडीच्या दोन ॲक्सलवर जेवढं जास्त भरलं तेवढा दांड्याचा भार. आमचा ४२० पौंड निघाला, ट्रेलर ५९०० पौंडांचा. म्हणजे जेमतेम सात टक्के. टाकी रिकामी केली, सायकली गाडीच्या टपावर चढवल्या, डब्यांची पेटी पुढच्या कप्प्यात हलवली, तेव्हा साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आलो. नंतर ब्रॅकेट रॉकेल लावून पुसले. परतीच्या वाटेवर तसेच ट्रक शेजारून गेले, गाडीला धक्का जाणवला, डोल आला नाही.

म्हणून क्रम असा: आधी सामान, मग काटा, मग बार, आणि स्वे कंट्रोल सगळ्यात शेवटी. ते छोट्या चुका आणि वारा सांभाळून घेतं, उलाळ ट्रेलरला सरळ करत नाही. गाडीतलं इलेक्ट्रॉनिक स्वे कंट्रोल तर डोल सुरू झाल्यावर जागं होतं.

स्वे कंट्रोलचा प्रकार निवडताना माझं मत बार आणि ब्रॅकेटचं घर्षण एकत्र असलेल्या हिचला. वेगळा घर्षणाचा दांडा स्वस्त पडतो, पण ट्रेलर मागे घेण्याआधी तो काढावा लागतो आणि निसरड्या रस्त्यावर सैल करावा लागतो. विसरलं तर दांडा वाकतो. नवीन माणूस हमखास विसरतो.

हिच डीलरने बसवून दिला तरी एकदा मोजून बघाच, कारण तो बसवतो तेव्हा ट्रेलर रिकामा असतो. सपाट जागा, सामान भरलेलं. ट्रेलर जोडण्याआधी गाडीच्या पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजा. ट्रेलर जोडून बार न लावता पुन्हा मोजा, पुढचा भाग वर गेलेला दिसेल. मग बार ताणून तिसऱ्यांदा मोजा. जेवढा वर गेला त्याच्या निदान निम्मा तरी खाली यायला हवा, आणि मूळ उंचीच्या खाली जाता कामा नये. किती आणावा याचा गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. कमी-जास्त करायला साखळीचे दुवे किंवा हिचच्या डोक्याचा तिरपेपणा बदलतात.

बार ताणताना दांड्याखालच्या जॅकने गाडीची शेपटी आणि ट्रेलर दोन्ही उचलून घ्यायचे, मग बार जवळजवळ हाताने बसतात. मी एकदा आळस करून नुसत्या पहारीने साखळी चढवायला गेले. पहार सुटली आणि नडगीवर बसली. व्रण अजून आहे.

तुम्ही पोचल्यावर टेप तुमच्या हातात घ्या, आकडे सूनबाईंना लिहू द्या आणि तो कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवा. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, ते ट्रेलरखाली वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. तेवढं बघून इथे कळवलंत तर टाकी भरून निघायचं की मुक्कामावर जाऊन भरायची, ते सांगते.