आईला ड्राय मॅक्युलर डिजनरेशन (डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग हळूहळू झिजणं) आहे, लाइट थेरपीचं मशीन 'ट्रायलमध्ये सिद्ध झालंय' असं सांगतात, घ्यावी का?

तुमच्या आईचं वय ७२, दोन्ही डोळ्यांना त्रास आणि सिटिंग्ज घेण्याबद्दल विचारताय. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, ट्रायल्समध्ये पेशंटची नजर मोजायचं काम करते, त्यामुळे 'सिद्ध झालंय' ऐकलं की मी आधी हेच विचारते की ज्यांना खरी ट्रीटमेंट मिळालीच नाही त्यांची नजर किती सुधारली?

ह्या थेरपीची मुख्य ट्रायल म्हणजे लाइटसाइट ३. एकूण १०० पेशंट, एका ग्रुपला पिवळा, लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश, दुसऱ्याला त्याच मशीनसमोर बसवून अगदी मंद प्रकाश. १३ महिन्यांनी खऱ्या ग्रुपला चार्टवरची सरासरी ५.४ अक्षरं जास्त वाचता आली आणि दुसऱ्या ग्रुपला पण ३! चार्टच्या एका ओळीत ५ अक्षरं असतात, म्हणजे मशीनचा स्वतःचा वाटा साधारण अर्ध्या ओळीचा. तो फरक खरा आहे, अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२४ मध्ये परवानगीही दिली, पण कोणी 'एक ओळ सुधारते' म्हणालं तर ती ३ अक्षरं त्यातच धरलेली आहेत हे लक्षात घ्या.

ती ३ अक्षरं कुठून येतात ते मी कामावर बघत असते. आजी म्हणतात "आता नाही दिसत गं", मी म्हणते "अंदाजाने सांगा", कारण नियमच तसा आहे, अंदाजाने बरोबर आलेलं अक्षरही मोजायचं, मग पुढच्या वेळेपर्यंत खोली, खुर्ची सवयीची होते, नजर जरा बाजूला नेऊन कडेने वाचायचं जमायला लागतं आणि उपचार चालू आहेत म्हणून माणूस जोरही जास्त लावतो. म्हणूनच कोणाला काय मिळालंय हे मोजणाऱ्याला कळू देत नाहीत.

आणि स्कॅन सुधारला म्हणजे नजर वाचली असंही धरू नका. कॅप्ट नावाच्या जुन्या ट्रायलमध्ये हजाराहून जास्त लोकांच्या एका डोळ्याला हलका लेझर दिला, दुसरा तसाच ठेवला. लेझरने पडद्यावरचे ह्या आजाराचे पिवळे डाग कमी झाले, पण ५ वर्षांनी ३ किंवा जास्त ओळी गमावलेले डोळे दोन्हीकडे सारखेच, २०.५ टक्के.

डॉक्टरांना आईची स्टेज नक्की विचारा. लाइटसाइटमध्ये सुरुवातीच्या आणि मधल्या स्टेजचे पेशंट होते, पडद्याच्या मध्यभागीच पेशी गेल्या असतील तर हे आकडे त्यांना लागू होत नाहीत. शिवाय कोर्स एकदाच करून भागत नाही, ट्रायलमध्ये दर ४ महिन्यांनी ९ सिटिंग्ज होत्या, तेवढ्या फेऱ्या आईला झेपतील का ते बघा. आणि कोणी तुम्हाला 'ट्रायलमध्ये घेतो' म्हणून मशीनचे पैसे मागत असेल तर ट्रायलचा रजिस्ट्रेशन नंबर आणि संमतीपत्र घरी नेऊन वाचायला मागा, दोन्ही देत नसतील तर मी तरी आईला तिथे नेणार नाही.

थेरपी घ्या न घ्या, रोज एकेक डोळा झाकून दाराची चौकट बघायला सांगा त्यांना. सरळ कड अचानक वाकडी दिसायला लागली तर ड्रायचं वेट (पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढून गळायला लागणं) झालेलं असू शकतं, तेव्हा इंजेक्शन लवकर लागतं, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका.