स्टॉकफिशला आत्ता हात लावू नकोस

अरे, तू लिहिलेलं बुद्धिबळाचं इंजिन स्टॉकफिशसारख्या बलाढ्य इंजिनाकडून वीस डाव हरलं म्हणून कोड मोडायला घेऊ नकोस. आधी चाली बरोबर निघतात का बघ. सुरुवातीच्या मांडणीतून पर्फ्ट ५ ला (दोन्ही बाजूंच्या मिळून पाच चालींपर्यंतचे सगळे वैध मार्ग मोजले की) ४८,६५,६०९ यायलाच हवं; एकाचा जरी फरक पडला तर सामने बंद. माझं आं पासां (शेजारून दोन घरं पुढे गेलेलं प्यादं मारायची खास चाल) चुकलं होतं आणि मी महिनाभर मूल्यमापनाला, म्हणजे पटावरची स्थिती जोखणाऱ्या कोडला, शिव्या देत बसलो!

मग:
- प्रतिस्पर्धी साधारण तुझ्याच ताकदीचा घे.
- एका वेळी एकच बदल. जुन्या आवृत्तीशी हजारेक डाव, निरनिराळ्या ओपनिंगमधून, दोन्ही रंगांनी. शंभरच डाव खेळलास तर साठेक एलो (ताकद मोजायचे गुण) नुसत्या नशिबाने इकडेतिकडे होतातच.
- वेळेवर हरतोयस? आउटपुट फ्लश होतंय का, म्हणजे ठरलेली चाल अडकून न राहता लगेच बाहेर जातेय का, बघ.

आणि लांबलचक सामना गुरुवारी दिवसा लावू नकोस. पुण्यात वीज कधी जाते, तुला माहीत आहेच.